पाटोळेकाका जिवंत माणसावर लिहितात

शांतवन पाटोळे भेटायला आले की आजारी माणूस उठून बसायचा.

भायखळ्याच्या आमच्या मराठी चर्चमध्ये ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, फक्त पाटोळेकाकांना नव्हती. ते बिचारे मनापासून यायचे. हातात मोसंब्यांची पिशवी, खिशात पेन. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून प्रार्थना करायचे आणि आमेन म्हणून डोळे उघडले की मायेनं विचारायचे, “तुमचं मूळ गाव नगर जिल्ह्यातच ना? आणि बाप्तिस्मा कुठला?” एवढं कानावर पडलं की घरच्यांचे चेहरे पडायचे. एका बाईंना डॉक्टरांनी अंथरुणातून हलायचं नाही म्हणून बजावलं होतं. पाटोळेकाका दारात दिसले तशा त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी स्वतः चहा टाकला. “मी एकदम ठणठणीत आहे,” असं त्या कप देताना तीनदा म्हणाल्या.

कारण असं की आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मासिकात ‘स्मृतिसुमने’ नावाचं एक पान असतं आणि ते पान पाटोळेकाका लिहितात. कोणी प्रभूमध्ये झोपी गेलं की महिन्याभरात त्या माणसाचा परिचय काळ्या चौकटीत, फोटोसकट छापून येतो. मी त्या मासिकाचं संपादन करते. संपादन म्हणजे काय, काकांच्या लेखात नाव आणि तारखा बरोबर आहेत ना ते बघायचं. बाकी बघायला काही नसायचंच. आमचे सगळे दिवंगत मनमिळाऊ होते, प्रार्थनाशील होते, परोपकारी होते, आणि त्यांच्या जाण्यानं भरून न येणारी पोकळी निर्माण झाली होती. आमच्या मंडळीत इतक्या पोकळ्या झाल्या होत्या की उभं राहायला जागा कशी उरली याचंच नवल.

काकांची नोकरी महापालिकेतली. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्तीनंतर जन्माची बाजू सुटली, दुसरी त्यांनी धरून ठेवली. लेख लिहून झाला की घोडपदेवच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत ते तो मोठ्यानं वाचायचे. दीनाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाजी निवडत ऐकायच्या.

“काय म्हणालात? मनमिळाऊ?” एकदा काकूंनी विचारलं. “त्या सोनुलेबाई? अहो, त्यांनी मला तीन वर्षं सलाम केला नव्हता.”

“गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं.”

“आणि राहिलेल्या माणसाबद्दल? लग्न झाल्यापासून मला एकदा तरी मनमिळाऊ म्हणालात का? त्यासाठी मरायला हवं का मी?”

काका शीर्षकाखाली रेघ मारत होते.

*

गेल्या वर्षी दादरला, शिवाजी पार्कजवळच्या एका सभागृहात, मराठी ख्रिस्ती लेखकांचं संमेलन भरलं. नुसती भाषणं नव्हती, कार्यशाळा होत्या. शनिवार-रविवार शिकायचं, मग तीन आठवडे घरी लिहायचं आणि शेवटच्या शनिवारी येऊन वाचायचं, अशी योजना. आमच्या पाळकसाहेबांनी मंडळीतर्फे दोन नावं दिली, एक माझं आणि एक काकांचं. काकांना वाटलं आपल्याला शिकवायला बोलावलंय. बसमध्ये त्यांनी मला आपलं भाषण वाचून दाखवलं. भायखळ्यापासून दादरपर्यंत ते पुरलं.

सभागृहात चार कार्यशाळा चालू होत्या. गीतलेखनाच्या खोलीत ‘तारणारा’ला यमक काय घ्यावं यावरून दोन निवृत्त शिक्षकांची जुंपली होती. ब्लॉगच्या खोलीत सगळी तरुण मुलं होती आणि मराठी लिखाणाबद्दलची चर्चा इंग्रजीत चालली होती. आमची खोली ‘व्यक्तिचित्र’ची. शिकवायला नगरहून नम्रता अमोलिक आल्या होत्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, आवाज मऊ. काका मला हळूच म्हणाले, “मुलगी लहान आहे. सांभाळून घेऊ.”

मुलीनं पहिल्याच तासाला काकांना सांभाळलं. ओळख करून देताना काकांनी आपल्या लेखांची कात्रणं पुढे ठेवली होती. नम्रताबाईंनी त्यातलं एक उचललं, नावावर बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. लेख एका बाईंवरचा होता. शांत, सोशिक, मनमिळाऊ, प्रार्थनाशील. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “या बाई कोण असतील?”

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. “ही आमची मावशी. परळच्या चर्चमधली. हुबेहूब!”

“छे, छे,” कुर्ल्याहून आलेले एक गृहस्थ म्हणाले, “या आमच्या मातोश्री.”

तिसऱ्यांनी आपल्या सासूबाईंचं नाव घेतलं, पण जरा अनिच्छेनं.

नम्रताबाईंनी बोट काढून नाव वाचलं. तिघांपैकी कोणीच नव्हतं. खोलीत हशा झाला. काका मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, “बघितलंस? प्रत्येकाला आपलं वाटलं. याला म्हणतात सार्वत्रिक लेखन.”

नम्रताबाईंनी ते ऐकलं. त्या हसल्या नाहीत. जवळ येऊन बसल्या. “काका, तुम्ही माणसांवर माया करता, ते दिसतंय. पण या बाई मला दिसत नाहीत. त्या चहा कशा प्यायच्या? बशीत ओतून का कपाने? भांडायच्या कुणाशी?”

“भांडण कसं लिहायचं? त्या गेल्यात.”

“मग न गेलेल्यावर लिहा,” नम्रताबाई म्हणाल्या. “हाच तुमचा गृहपाठ. एक जिवंत माणूस घ्यायचा. तो काय करतो ते बघायचं आणि तेवढंच लिहायचं. विशेषण एकही वापरायचं नाही.”

परतीच्या बसमध्ये काकांनी भाषण काही काढलं नाही. राणीबाग आल्यावर मग म्हणाले, “एकही नाही म्हणजे ‘प्रेमळ’सुद्धा नाही?”

*

जिवंत माणूस शोधायला काकांना लांब जावं लागलं नाही. त्यांच्या दारासमोरच्या खोलीत गुणाजी परब राहतात. मालवणकडचे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले, गिरणी बंद पडल्यावर कुठे वॉचमन, कुठे कुरिअर असं करत म्हातारे झालेले. चाळीस वर्षांचा शेजार. नाताळला इकडून करंज्या जातात, गणपतीला तिकडून मोदक येतात. गुणाजींचा आवाज मोठा, मत प्रत्येक गोष्टीवर, आणि गॅलरीतल्या खुर्चीवर त्यांचा कायमचा मुक्काम.

काका कागद-पेन घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. “गुणाजीराव, मला तुमच्यावर लिहायचंय.”

गुणाजींनी त्यांच्याकडे बघितलं, पेनाकडे बघितलं आणि खुर्चीचे हात घट्ट धरले. “पाटोळेनू, मी अजून जित्तो आसंय हां!”

“म्हणूनच. जिवंत माणसावरच लिहायचंय.”

“डाक्टर काय बोललो काय तुमका? शेवंती, गो शेवंती! भायर ये!”

शेवंतीवहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. मग गुणाजी सैलावले आणि सैलावले ते जरा जास्तच. पाय लांब करून त्यांनी सांगायला सुरुवात केली. “लिवा. गुणाजी परबांचो सभाव म्हंजे देवमाणसाचो.”

“विशेषणं चालत नाहीत.”

“मगे काय चालता?”

“तुम्ही जे करता ते.”

गुणाजींनी बराच विचार केला. “मी काय करतंय? बसान ऱ्हवतंय.”

काकांनी लिहिलं, ‘ते बसून राहतात.’ विशेषणाशिवाय लिहिलेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी चहानंतर समोर जाऊन बसायला लागले. आणि मग एक अडचण झाली. कोणी आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर गुणाजी बदलले. कपडे वाळत घालायला लागले. जिन्यात कॅरम खेळणाऱ्या मुलांवर ओरडायचं सोडून ‘बाळांनू’ म्हणायला लागले. एक दिवस त्यांनी स्वतः पाण्याचा हंडा उचलला, आणि तो मोरीपर्यंत नेऊन ठेवल्यावर काकांच्या पेनाकडे वळून बघितलं.

“लिवलास?”

“लिहिलं.”

“हंडो भरलेलो होतो, तां लिवा.”

शेवंतीवहिनींनी दीनाकाकूंना गाठलं. “वैनी, भावजींका सांगा, घाई करू नकात. सावकाश लिवूनेत. ते इले की हो माणूस माणसात येता. काल माका म्हणता, ‘तू बस, मी भांडी घासतंय.’ लगीन झाल्यापास्ना पयल्यांदाच!”

काकूंनी निरोप पोचवला, वर आपलाही एक जोडला. “माझ्यावर लिहिणारा कोणी भेटला तर बघा. तुम्हीही घासाल.”

काका कंटाळून गेले. जे दिसत होतं ते नाटक होतं आणि नाटक लिहायचं नव्हतं. पण दहा-बारा दिवसांनी गुणाजींची हौस फिटली. कोणी समोर बसलंय हे ते विसरले, पुन्हा बाळांनूंच्या बापाचा उद्धार करायला लागले, आणि मग काकांना खरं काही दिसायला लागलं.

त्यातलीच ही सुईची गोष्ट. गुणाजी साच्यावरचे, सुताची त्यांना जाण, म्हणून चाळीतल्या बायका सुई ओवायला त्यांच्याकडे यायच्या. ही फार जुनी रीत. त्या दिवशी वरच्या मजल्यावरची सीमा आली. साडीला फॉल लावायला घेतला होता. “काका, ओवून द्या ना. माझ्याच्यानं होत नाही.”

पाटोळेकाका तेव्हा आत, परबांच्या पलंगाच्या कडेला बसले होते. गुणाजींनी सुई-दोरा घेतला, “हय उजेड खय आसा?” असं सीमाला ऐकू जाईल असं म्हणाले आणि आत आले. सरळ ओट्यापाशी गेले. शेवंतीवहिनी बोंबील साफ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, काही विचारलं नाही. हात धुतले, पुसले, सुई घेतली, ओवली, परत दिली. पुन्हा बोंबलांकडे वळल्या. गुणाजी बाहेर गेले, सुई उजेडात धरून दोऱ्याचं टोक ताणलं आणि म्हणाले, “घे. गिरणीचो हात आसा ह्यो.”

“कमाल आहे हं काका तुमची,” म्हणत सीमा गेली.

काकांच्या लक्षात आलं. गुणाजींना दिसत नव्हतं. डोळ्यात मोतीबिंदू असणार, आणि तो आजचा नसणार.

घरी येऊन त्यांनी दीनाकाकूंना विचारलं, “एखाद्याची झाकलेली गोष्ट आपल्याला दिसली, तर लिहावी का?”

“त्याला विचारा.”

“विचारलं तर तो नको म्हणेल.”

“मग उत्तर मिळालं की तुम्हाला,” काकू म्हणाल्या.

काकांनी दोन दिवस कागदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी बसले आणि एका बैठकीत लिहून काढलं. खुर्ची, हंडा, बाळांनू आणि सुईसुद्धा. दादरला जाऊन अनोळखी माणसांपुढे वाचायचं होतं. गुणाजी कशाला तिथे येतात?

*

गुणाजी आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केसांना मेंदी, गळ्यात रुमाल. शेवंतीवहिनी आणि दीनाकाकू त्यांच्या मागोमाग. दारावर नोंदणीला बसलेल्या मुलीनं “कोणतं चर्च?” विचारलं, तर गुणाजी म्हणाले, “घोडपदेव. माझ्यारच लिवलेला आसा,” आणि जाऊन पहिल्या रांगेत बसले.

काकांचा चेहरा मी बघितला. मृत्यू नोंदणीच्या खिडकीपाशी मयतच येऊन उभा राहावा, तसा झाला होता.

त्यांचा नंबर आला. ते उभे राहिले, चष्मा पुसला, वाचायला लागले. आणि खरं सांगते, मी चाट पडले. ‘समोरच्या खोलीतले गुणाजी परब बसून राहतात. बसायला त्यांना खुर्ची लागते आणि ओरडायला जिना.’ लोक हसायला लागले. हंड्याची गोष्ट आली तेव्हा गुणाजींनी मागे वळून सगळ्या सभागृहाला आपलं तोंड दाखवलं. मग काकांनी पान उलटलं. ‘एके सकाळी सीमा सुई घेऊन आली,’ एवढं वाचलं आणि थांबले. समोर बघितलं. गुणाजी मान पुढे काढून ऐकत होते.

काकांनी घसा खाकरला. “तर असे हे गुणाजी परब,” ते भरभर म्हणाले, “अत्यंत मनमिळाऊ आणि परोपकारी...”

आमचा वर्ग फिदीफिदी हसला. नम्रताबाई हसल्या नाहीत. “काका, काहीतरी गाळलंत तुम्ही.”

“नाही, वेळ संपत आलाय म्हणून...”

“सुयेचा गाळल्यान!” पहिल्या रांगेतून आवाज आला. गुणाजी उभे राहिले होते. “पाटोळेनू, शेवंतीन माका त्याच दिवशी सांगल्यान, तुम्ही बघितलास म्हणान. तवापास्ना मी वाट बघतंय, हो माणूस कधी विचारता. तुम्ही गप्प. वाचा आता. नायतर मी सांगतंय.”

आणि काका वाचेपर्यंत न थांबता त्यांनी सांगायलाच सुरुवात केली. डोळे कसे अधू होत गेले, पहिल्यांदा दोरा सुईच्या नाकातून हुकला तेव्हा कशी लाज वाटली, बायकोनं एक शब्द न बोलता सुई कशी हातातून घेतली. सांगता सांगता गिरणी मोठी झाली, साचे वाढले, मालक स्वतः येऊन त्यांच्या बोटांचं कौतुक करून गेला. शेवटी ते म्हणाले, “डोळे गेले, पण चाळीत कोणाक कळूक दिलंय नाय. आज पयल्यांदाच सगळ्यांका सांगतंय.”

सगळे गंभीर झाले होते. तेवढ्यात मागून दीनाकाकू सहजपणे म्हणाल्या, “अहो भावजी, ते तर आख्ख्या चाळीला माहीत आहे.”

गुणाजी वळले. “काय?”

“तुम्ही आत जाता, वहिनी ओवतात, ते. सगळ्या बायकांना माहीत आहे. पहिल्यापासून.”

गुणाजींनी शेवंतीवहिनींकडे बघितलं. त्या छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

“मगे सुये घेवन येतत कित्याक?”

काकूंना एवढा सोपा प्रश्न कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं बहुतेक. “तुम्ही खूश होता ना,” त्या म्हणाल्या.

आता कोणी हसलं नाही. गुणाजी हळूच खाली बसले. मान खाली घालून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग मान वर न करता म्हणाले, “बरां. येवंदेत.”

पाटोळेकाका हातात कागद धरून उभेच होते. शेजार चाळीस वर्षांचा, आणि सबंध चाळीत ही गोष्ट ठाऊक नसलेला गुणाजींशिवाय दुसरा माणूस कोण, तर ते स्वतः. नम्रताबाईंनी त्यांना फक्त एवढंच सांगितलं, “काका, हे सगळं शेवटी जोडा. आता जे झालं ते.”

जेवायला पुलाव आणि मटण होतं. गुणाजींनी दोन वेळा घेतलं आणि गीतलेखनवाल्या शिक्षकांना ‘तारणारा’ला तीन यमकं सुचवली. त्यातली दोन सांगण्यासारखी नव्हती.

*

लेख मी मासिकात घेतला. ‘स्मृतिसुमने’ मध्येच घेतला, कारण काकांचं पान तेच, आणि त्या महिन्यात देवाच्या कृपेनं कोणी गेलं नव्हतं. आमच्या डीटीपीवाल्यानं सवयीनं फोटोभोवती काळी चौकट टाकली. शर्ट पांढरा, केस मेंदीचे, चेहरा प्रसन्न. चौकटीत ते सगळं फार शोभून दिसत होतं.

काकांनी चाळीत अंक वाटले. सीमानं कौतुकानं त्या पानाचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. तो तिच्या मावसबहिणीनं पुढे लालबागला पाठवला आणि लालबागहून तो परबांच्या गावच्या ग्रुपवर गेला. गावाकडे लेख कोण वाचतो? लोकांनी चौकट बघितली. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

पहिला फोन आला तो गुणाजींनीच उचलला.

“परबांचा घर मां? वायट झाला हो. गुणाजी भलो माणूस होतो.”

“होय,” गुणाजी म्हणाले. “भलोच होतो.”

“आपण कोण बोलतास?”

“मी गुणाजी.”

तिकडून फोन बंद झाला तो पुन्हा काही लागला नाही. शेवंतीवहिनी रागावल्या, पण गुणाजींना ही नवी मजा सापडली. आपल्याबद्दल लोक काय म्हणतात ते ते मन लावून ऐकायचे आणि मग “आणखी?” म्हणून विचारायचे. काका मात्र हवालदिल झाले होते. दर फोनला दार उघडून समोर बघायचे. माझ्याकडे त्यांनी दुरुस्तीची नोटीस पाठवली, पुढच्या अंकात चौकटीशिवाय छापायला: ‘श्री. गुणाजी परब हयात आहेत.’ त्यापुढे ‘व मनमिळाऊ आहेत’ असं लिहून खोडलं होतं.

दुरुस्ती छापून येण्याआधीच तात्या आले.

तात्या हे गुणाजींचे थोरले भाऊ, गावाला असतात. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेत गुणाजींचं नाव धाकट्या चुलतभावाच्या खाली छापलं गेलं, एवढ्यावरून. गुणाजी त्या लग्नाला गेले नाहीत, आणि तात्यांनी पुढच्या गणपतीला बोलावलं नाही. त्यानंतर नाहीच.

सकाळची वेळ होती. गुणाजी गॅलरीत खुर्चीवर बसून पोहे खात होते. जिन्यातून एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ वर आले. हातात कापडी पिशवी, डोळे सुजलेले. शेवटच्या पायरीवर ते थांबले ते थांबलेच.

“तू जित्तो आसंस?”

गुणाजींचा चमचा हवेत राहिला. डोळ्यांनी नीट दिसलं नसावं, पण आवाज ओळखला. “मगे? तू कित्याक इलंस?”

“तुझ्या तेराव्याक.”

काका आपल्या दारात उभे राहून हे बघत होते. नंतर ते मला म्हणाले, की त्या क्षणी आपण काही चांगलंसं बोलावं असं त्यांना फार वाटलं, पण शब्दच आठवेनात.

“इलंस तर बस,” शेवटी गुणाजी म्हणाले. “पोहे खा.”

“रातभर रडत इलंय मी गाडीत,” तात्या ओरडले. “शेजारच्या माणसान माका पाणी दिल्यान! आणि तू हय पोहे खातंस?”

मग जे भांडण झालं ते खालच्या वाण्यापर्यंत ऐकू गेलं. पत्रिका निघाली, चुलतभाऊ निघाला, वडिलांच्या वेळचं काही काही निघालं. भांडता भांडता तात्या बसले, पोहे खाल्ले, आंघोळ केली. परत जायचं त्यांनी नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा लावून काकांचा लेख वाचला आणि काकांच्या दारात येऊन उभे राहिले.

“ह्या चुकीचा आसा,” ते म्हणाले. “सुई ओवणा ह्यो गिरणीत शिकलो नाय. आमच्या आवशीक दिसत नसा. शाळेतना इलो की ह्यो पयलो तिची सुई ओवी, मगे जेवी. लिवा.”

काकांनी त्यांच्या आईची ती गोष्ट लिहून घेतली. तात्या आठवडाभर राहिले आणि जाण्याआधी गुणाजींना शर्टाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याची तारीख मिळाली आहे.

मधल्या काळात काकांकडे मंडळीतले लोक यायला लागलेत. पूर्वी ज्यांना काका दिसले की धडकी भरायची ते आता विचारतात, “आमच्यावर कधी?” पाळकसाहेबांनी तर आपला फोटो आधीच देऊन ठेवलाय. काका म्हणतात, आधी बघावं लागेल. त्यामुळे पाळकसाहेब हल्ली प्रवचन वेळेत संपवतात.

गेल्या आठवड्यात मी दीनाकाकूंकडे गेले होते, तेव्हा काका घरी नव्हते. समोर परबांकडे बसले होते. दार उघडंच होतं. गुणाजींना शेवंतीवहिनींनी पिशवी देऊन लालबागला मसाला आणायला पाठवलं होतं, तेही चालत जा, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं.

वहिनी ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. त्यांना असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

“तेंच्यार लिवून झाला मां, भावजी?” त्या म्हणाल्या. “आता माझा आयका. मी मुंबैक इलंय तेव्हा सोळा वर्सांची होतंय. ह्ये माका बंदरावर घेवक येवचे होते. इले नाय. मी बोटीतना उतारलंय, आणि ज्या माणसान माझी पेटी उचलल्यान, तेका मी माझो घोव समजलंय. पाठसून चलत गेलंय थेट डोंगरीपर्यंत...”

काकांनी पेन उघडलं होतं. पण ते हातात तसंच राहिलं. ते पुढे सरकून बसले, आणि एवढंच म्हणाले, “मग?”